थोरली उरलेला दिवस काय करते?

बावन्न वर्षांची बाई धाकटी कशी, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी एकदा कुणाची तरी धाकटी जाऊ होऊन बघावं. पहिल्या दिवशी जे नाव चिकटतं ते केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले तरी सुटत नाही. आपल्या या धाकटीलाही गिऱ्हाईकं, शेजारचे दुकानदार, टपालवाला, सगळे धाकटीच म्हणत. तिच्या नवऱ्याची आणि त्याच्या थोरल्या भावाची मिळून एक लाँड्री होती. पुढे काउंटर, मधे घड्या घालायचं लांबलचक टेबल, मागे यंत्रं आणि बॉयलर. थोरला भाऊ बारा वर्षांपूर्वी गेला. धाकटीचा नवरा मागे यंत्रांपाशी असे. तीस वर्षांच्या घरघरीने त्याला निम्मं ऐकू येत नसे, उरलेलं निम्मं तो सोयीने ऐके, आणि त्यामुळे त्याचा संसार सुखाचा चालला होता.

मधल्या टेबलाशी असत थोरल्या जाऊबाई. त्यांना सगळे ताई म्हणत. इस्त्रीत ताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. नुसती कॉलर बघून त्या सांगत की हा माणूस मान खाली घालून काम करतो की वर करून हुकूम सोडतो. नाकावर माशी बसू देत नसत. आणि गेली अकरा वर्षं त्या धाकटीशी कामापुरतंच बोलत. "बेचाळीस नंबर झाला का", "वाफ कमी आहे", "पावती फाड", की तोंडाला कुलूप. एका सोमवारी त्यांनी बोलणं टाकलं ते टाकलं. भांडण नाही, तंटा नाही. एक दिवस पाणी यायचं बंद व्हावं तसं.

आता धाकटीचं गुपित, जे चौकातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ती कादंबरी लिहीत होती. दुपारी एक ते तीन दुकानात गिऱ्हाईक फिरकत नसे. तेवढा वेळ ताई काउंटर सांभाळत आणि धाकटी वरच्या खोलीत जाऊन लिही. असं करता करता दोनशे चाळीस पानं झाली. पाच प्रकाशकांना बाड पाठवून झालं. त्यांतल्या चौघांनी उत्तरच दिलं नाही आणि पाचव्याने भलत्याच कुणाचं तरी बाड परत पाठवलं. सहाव्या ठिकाणाहून मात्र भेटायला बोलावणं आलं. धाकटी चांगले कपडे घालून, नवऱ्याला तीनदा ओरडून सांगून गेली.

कादंबरीत दोन जावा होत्या. पुस्तकातली धाकटी सोसणारी, समजूतदार, अंगावर कुणी गरम पाणी सांडलं तरी त्याच्या पायाला भाजलं का बघणारी. आणि थोरली म्हणजे काय विचारता. ती धाकटीच्या दुधात मीठ टाकते, परीक्षेच्या सकाळी घड्याळ मागे करते, आणि एका सोमवारी काही कारण नसताना तिच्याशी बोलणं टाकते. लिहिताना धाकटीला फार बरं वाटलं होतं. मीठ टाकायचा प्रसंग तर तिने दोनदा लिहिला होता, एकदा गरज म्हणून आणि एकदा हौस म्हणून.

संपादिकाबाई सडपातळ, डोळ्यांखाली काळं, टेबलाखाली चपला काढून बसलेल्या. त्या म्हणाल्या की भाषा छान आहे, लाँड्री तर अशी उभी केली आहे की वाचताना घाम येतो, पुस्तक करायला हरकत नाही. धाकटीला आनंदाने खुर्चीतून उठावंसं वाटलं. तेवढ्यात बाईंनी पुढचं वाक्य टाकलं.

"तुमची थोरली येते, वाईट वागते आणि निघून जाते. उरलेला दिवस ती काय करते?"

धाकटी म्हणाली, काय करणार, असतेच ती तशी. बाई म्हणाल्या, वाईट माणसाचेसुद्धा पाय दुखतात, त्यालाही एखादं गाणं आवडतं, तोसुद्धा कुणाची तरी वाट बघत असतो. जिथे थोरली येते तिथे आता ही काय करणार हे वाचकाला आधीच कळतं, मग त्याने पान कशाला उलटायचं? आणि तो सोमवार त्यांना मुळीच पटला नव्हता. एका घरात राहणारी बाई उगाच बोलणं टाकत नाही. यावर उपाय म्हणून त्यांनी गृहपाठ दिला. थोरलीबद्दलच्या पन्नास गोष्टी लिहायच्या, ज्या पुस्तकात येणार नाहीत पण लिहिणारीला ठाऊक असतील. यंदाच्या पुस्तकांची यादी महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पाच वाजता बंद होणार होती. तोवर थोरली माणसात आली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, हे पाच प्रकाशकांनी धाकटीला नीट शिकवलं होतं.

घरी येताना तिने हिशेब केला. चार आठवडे आहेत, पन्नास गोष्टी म्हणजे काय मोठंसं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने झटपट लिहायला घेतलं. थोरली रागीट आहे. थोरली कडक आहे. थोरली हट्टी आहे. थोरली तोंडाळ आहे, हे लिहून तिने खोडलं, कारण बोलतच नाही ती तोंडाळ कशी? चौथ्या मुद्द्याला गाडी अडली. तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं की ज्या बाईवर आपण दोनशे चाळीस पानं खर्ची घातली तिच्याबद्दल आपल्याला तीन शब्द ठाऊक आहेत, आणि तिन्हींचा अर्थ साधारण एकच आहे.

मग बघणं आलं. अकरा वर्षं जिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलेलं तिच्याकडे आता डोळ्यात तेल घालून बघायचं होतं, तेही तिला न कळता. धाकटी कपाटाआडून बघे, टांगलेल्या कोटांमधून बघे, टेबलाखाली वाकून बघे. ताईंनी एकदा विचारलंच, काय हरवलं म्हणून. धाकटी म्हणाली, टाचणी. ताईंनी पदरची टाचणी काढून दिली. त्या आठवड्यात ताईंनी तिला चार टाचण्या दिल्या.

वही वापरायची सोय नव्हती. वाफेने वही पोळीसारखी मऊ पडते आणि ताईंच्या नजरेतूनही सुटत नाही. म्हणून धाकटीने पुठ्ठे घेतले. शर्टाची घडी ताठ राहावी म्हणून आत घालतात ते पांढरे पुठ्ठे, काउंटरवर त्यांची चळत कायमची असे. पुठ्ठ्यावर लिहिणारी बाई लांबून पावती करतेय असंच वाटतं. एका पुठ्ठ्यावर पाचसहा गोष्टी बसत. पहिल्या पुठ्ठ्यावर रडतखडत गेल्या, पुढे हात सुटला.

थोरली इस्त्री फिरवताना भार उजव्या पायावर घेते. डावी टाच दुखत असावी, पण कुणाला सांगत नाही. थोरली गिऱ्हाईकाच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं की डब्यातून जुळणारं शोधून लावते आणि पावतीवर लिहीत नाही. थोरली स्वतःचे रुमाल खळ घालून कडक करते, मग ते नाक पुसायच्या कामाचे राहत नाहीत, तरी करते. थोरली शब्दकोडं सोडवते आणि शब्द अडला की स्वतःच एक बनवून घुसवते, मग बाकीची उत्तरं त्याच्याशी जुळवत बसते. थोरली समोरच्या घड्याळवाल्याशी रोज भांडते, पण तो दोन दिवस दिसला नाही तेव्हा काहीतरी निमित्त काढून त्याच्या दारात जाऊन आली. थोरली दुकानात एकटी असली की शिट्टी वाजवते, आणि सूर अगदी बरोबर लागतो.

शिट्टी ऐकली त्या दिवशी धाकटी जिन्यात तशीच उभी राहिली. अकरा वर्षं ती वर लिहीत होती आणि खाली ही बाई शिट्टी वाजवत होती. धाकटीला खरं तर राग आला. दुष्ट बाई आवडायला लागली की लेखिकेचा मोठाच घोटाळा होतो, आणि तिला ताई आवडायला लागल्या होत्या.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी लिहिलेले पुठ्ठे आठ झाले. धाकटी ते काउंटरवर पालथे ठेवून नवव्याला हात घालणार, तोच कुणी बाई दोन मोठे पडदे घेऊन आली आणि डागांचा इतिहास सांगू लागली. धाकटी पडदे घेऊन मागे गेली. टेबलावरचे पुठ्ठे संपले होते. ताई आल्या, काउंटरवरच्या चळतीतले वरचे घेतले आणि सराईत हाताने घड्या घालू लागल्या. कोरी बाजू वर, लिहिलेली शर्टाच्या पोटात. धाकटी परत आली तेव्हा आठ शर्ट कागदात बांधून गिऱ्हाईकांबरोबर गेलेसुद्धा होते.

लाँड्रीच्या धंद्यात गोष्टी हरवतात, पण हरवलेल्या गोष्टी इतक्या नीट इस्त्री करून घरपोच जायची ही पहिलीच वेळ. धाकटीचं धाबं दणाणलं. प्रत्येक पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत थोरली, थोरली, थोरली. या चौकात दोन जावांची लाँड्री एकच होती. कुणाचे शर्ट होते ते पावत्यांवरून काढता आलं असतं, पण दारोदार जाऊन काय म्हणायचं? तुमच्या छातीवरचा पुठ्ठा परत द्या, त्यावर माझी जाऊ आहे?

शुक्रवारी सकाळी पहिले आले गणिताचे मास्तर. त्यांनी पुठ्ठा काउंटरवर ठेवला आणि ते चष्मा पुसू लागले. त्यांच्या वाट्याला तिसरा पुठ्ठा आला होता. त्यावर शेवटी धाकटीने लिहिलं होतं, थोरली एका सोमवारपासून धाकटीशी बोलत नाही. कारण, स्वभाव. त्याच्याखाली मास्तरांनी लाल शाईने शेरा मारला होता. उत्तर आहे, रीत नाही. दहापैकी दोन. धाकटीने पुठ्ठा पटकन गल्ल्याखाली सरकवला. मास्तर जाताना म्हणाले की दोन गुणसुद्धा अक्षराचे आहेत.

मग औषधाच्या दुकानातली बाई आली. तिच्या नवऱ्याच्या शर्टात शिट्टीचा पुठ्ठा गेला होता. तिला थोरली फार आवडली होती, आणि पुढे काय होतं ते तिला ऐकायचं होतं. धाकटीने तिचाही पुठ्ठा गल्ल्याखाली सरकवला आणि कसंबसं हसून तिला वाटेला लावलं. ताई दहा हात अंतरावर इस्त्री फिरवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दोन आले, राहिले सहा. एक वाजला. धाकटी वर गेली. नेहमीची वेळ चुकवली तर ताईंना संशय येईल, हे तिचं तर्कशास्त्र. आणि ज्या वेळात गिऱ्हाईक फिरकत नाही त्या वेळात आज कोण फिरकणार, हे दुसरं. तीन वाजता ती खाली उतरली. घड्यांच्या टेबलावर शर्ट नव्हते. मधल्या दोन तासांत परत आलेले चार पुठ्ठे एका ओळीत, कडेला कड लावून मांडलेले होते. गल्ल्याखालचे दोन काढून ताईंनी त्यांच्या शेजारी ठेवले होते. उरलेले दोन कुठे गेले ते शेवटपर्यंत कळलं नाही.

धाकटी काहीतरी म्हणणार होती, काय ते तिलाही ठाऊक नव्हतं. ताईंनी तिला तोंड उघडू दिलं नाही.

"बाकीचं कुठंय?"

"बाकीचं कसलं?"

"पुस्तक."

ताईंनी बाड तीन दिवस वाचलं. काउंटरवर बसून, उघड उघड, गिऱ्हाईक समोर उभं असताना. कुणी घाई केली तर बोट वर करून त्याला थांबवत आणि पान संपवूनच पावती फाडत. इस्त्रीचं काम धाकटीवर आलं. तिने एका शर्टाची बाही जाळली, दुसऱ्याला दोन घड्या पाडल्या. नवऱ्याला घरात काहीतरी शिजतंय याचा वास आला, म्हणून तो बॉयलर दुरुस्त करायला लागला, जो बिघडलेला नव्हता. मधेच एकदा ताई मोठ्याने हसल्या. धाकटीने चोरून पान क्रमांक बघितला. मीठ टाकायचा प्रसंग होता.

सोमवारी दुपारी ताईंनी बाड मिटलं. धाकटीचा जीव टांगणीला लागला होता. आता शिव्या खायच्या, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. पुस्तक बंद करायला सांगितलं तर काय करायचं हे मात्र ठरवलं नव्हतं. ताई इस्त्रीशी गेल्या, एक शर्ट पसरला आणि बोलू लागल्या. अकरा वर्षांत त्या एका दमात एवढं बोलल्या नव्हत्या. थोरली ठीक आहे म्हणाल्या. पुठ्ठ्यांवरची थोरली आत घातली की जमेल. दुधातलं मीठ मात्र काढ. तसलं काही करायचं असतं तर त्यांनी मीठ नसतं टाकलं, साखर चिमूटभर कमी घातली असती, वर्षभर, म्हणजे काय चुकतंय ते कुणालाच कळलं नसतं. घड्याळाचा प्रसंग त्यांना आवडला होता.

"पण ही धाकटी कोण?" त्यांनी शर्ट उलटा केला. "दोनशे चाळीस पानांत एकदाही चुकत नाही. चालताना कुणाच्या पायावर पायसुद्धा देत नाही. अशी बाई मी बघितली नाही बाई."

धाकटी म्हणाली की ती नायिका आहे. ताई म्हणाल्या, मग तिचाही उरलेला दिवस बघ. आणि मास्तर म्हणतात ते खरं आहे. सोमवारची रीत दाखव.

धाकटी वर गेली. शुक्रवारला चार दिवस होते. तिने रीत शोधायला घेतली. आधी लिहिलं की धाकटीच्या हातून थोरलीच्या नवऱ्याचा फोटो फुटला. वाचून बघितलं, खोटं वाटलं. मग लिहिलं की शेजारणीने कान भरले. तेही फाडलं, ताईंचे कान भरणारी शेजारीण अजून जन्माला यायची होती. मग एक गैरसमज रचला. इतका गुंतागुंतीचा झाला की तो कुणाला झाला होता हेच तिला कळेना. बुधवार उजाडला. आणि लिहिता लिहिता टाळत आलेली जागा शेवटी समोर आलीच. विसरली नव्हती ती. कुठे ठेवलंय ते पक्कं ठाऊक असलेली वस्तू आपण वर्षानुवर्षं काढत नाही, त्यातला प्रकार.

अकरा वर्षांपूर्वी, थोरले भाऊ जाऊन वर्ष झालं होतं तेव्हा, दुकानात एक फोन आला. समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलातून. तिथल्या धुलाईखान्यात बारा माणसांवर एक मुख्य बाई हवी होती. ताईंनी गुपचूप अर्ज केला होता, जाऊन काम करून दाखवलंही होतं, आणि त्यांना पसंत केलं होतं. सोमवारपासून या, राहायला खोली आहे, असं फोनवरचा माणूस म्हणाला. ताई बाहेर गेल्या होत्या. फोन धाकटीने घेतला होता. तिच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा आलं ते लांबलचक टेबल, त्यावरचा शर्टांचा ढीग, आणि वरच्या खोलीतलं दुपारी एक ते तीन. ताई गेल्या तर ते दोन तास गेले. ती म्हणाली, त्यांचा विचार बदललाय, त्या येणार नाहीत. आणि फोन ठेवून दिला. ताईंना काहीच सांगितलं नाही. नंतर तिने स्वतःची समजूत घातली की एकट्या बाईला परक्या गावात कसं जमलं असतं, आपण त्यांचं भलंच केलं. त्याच दोन तासांत तिने ताईंना दुष्ट ठरवणारी दोनशे चाळीस पानं लिहिली.

हे लिहिलं नाही तर सोमवारला रीत नाही, आणि पुस्तक नाही. लिहिलं तर ताईंना कळणार. धाकटी बराच वेळ खिडकीशी बसली. तिला लाज वाटली. इतकी लाज तिला आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती. मग तिने लिहिलं. सहा पानं, एकही शब्द न खोडता. पुस्तकातल्या धाकटीने फोन घेतला, खोटं बोलली, फोन ठेवला आणि वर लिहायला गेली. शेवटी थोरलीला खरं कळतं आणि ती उशीत तोंड खुपसून रडते, असं तिने लिहिलं.

गुरुवारी दुपारी तिने ती सहा पानं ताईंसमोर ठेवली. ताईंनी इस्त्री उभी केली. अर्धा शर्ट झालेला असताना त्या कधीच इस्त्री उभी करत नसत. वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. शेवटचं पान खाली ठेवून त्यांनी पानांच्या कडा जुळवल्या.

"मला वाटायचं तुम्हाला ठाऊक नाही," धाकटी म्हणाली.

"चार दिवस फोन आला नाही म्हणून पाचव्या दिवशी मीच केला. म्हणाले, तुमच्या घरून नकार आला, बाईमाणसाचा आवाज होता. या दुकानात बायका दोन, त्यातली एक मी."

"मग तेव्हाच मला का नाही विचारलंत?"

ताई म्हणाल्या, "माझी बॅग भरलेली होती. ती मी रिकामी केली आणि म्हटलं, धाकटी येईल, सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल. तू सांगशील आणि मग बोलू, असं ठरवलं होतं मी. तू आलीच नाहीस."

"ताई, चुकलं माझं."

"कदाचित मी गेलेही नसते. एकटीनं राहायची मला भीती वाटत होती, ऐन वेळी कच खाल्ली असती. पण नाही म्हणायचं असतं तर ते मी म्हणाले असते. ते 'नाही' माझं होतं. तू तुझं समजून वापरलंस."

धाकटी रडायला लागली. तिला रडू आवरेना, आणि ताईंनी ते आवरायला सांगितलंही नाही. त्यांनी आपला तो कडक खळीचा रुमाल पुढे केला. त्याने डोळे पुसले जात नव्हते, ओरखडे उठत होते, तरी धाकटी पुसत राहिली. ताईंनी सहावं पान पुन्हा उचललं. इथे थोरली रडते हे चूक आहे, म्हणाल्या. थोरली रडली नाही. थोरलीने त्या दिवशी नव्वद शर्ट केले.

धाकटीने ते बदललं. शुक्रवारी सकाळी नवं बाड तयार करून ती खाली आली आणि ते ताईंच्या हातात दिलं. हे पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, म्हणाली. तुम्ही नाही म्हणालात तर नाही, मी एका शब्दाने विचारणार नाही. ताई काय म्हणतील याचा तिला खरोखर अंदाज नव्हता. गेल्या महिन्यापर्यंत तिला तो नेहमी असायचा.

ताई म्हणाल्या, विचार करते. आणि कामाला लागल्या. अकरा वाजले, बारा वाजले. गिऱ्हाईकं आली, गेली. एक वाजता धाकटी वर गेली नाही, इस्त्री घेऊन ताईंच्या शेजारी उभी राहिली. दोघी बोलल्या नाहीत, पण ते न बोलणं वेगळं होतं. चार वाजले. ताईंनी एक सदरा इतक्या सावकाश केला की धाकटीला वाटलं आता त्याला मिशा फुटतील. साडेचार वाजले. नवरा मागून येऊन दोघींकडे बघून गेला.

पावणेपाचला ताईंनी हात पुसले आणि त्या संपादिकाबाईंचा नंबर विचारला. धाकटीने सांगितला. ताईंनी स्वतः नंबर फिरवला आणि पलीकडून बाई बोलेपर्यंत ताठ उभ्या राहिल्या.

"मी थोरली बोलतेय," त्या म्हणाल्या. "हो, तीच, पुस्तकातली. माझी हरकत नाही, छापा. फक्त एक आठवडा जास्त द्या. माझं झालंय, पण धाकटी अजून नीट जमलेली नाही. मी बसून करून घेते तिच्याकडून."

पलीकडे बाई बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. ताई हं, हं करत ऐकत राहिल्या. मग त्यांनी फोन ठेवला आणि धाकटीला सांगितलं की आठवडा मिळालाय.